सँगमन काउंटीचा आमदार : अब्राहम लिंकन

आपल्या राज्यातील अनेक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत एक चौकट टांगलेली असते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. कविवर्य वसंत बापट यांच्या मराठी अनुवादामुळे ते घरोघर पोचले, स्नेहसंमेलनांत वाचले गेले, आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पत्र सुंदर आहे याबद्दल वाद नाही. परंतु लिंकनच्या जपून ठेवलेल्या व छापून प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत असे पत्र सापडत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना एकदा सांगून टाकलेली बरी. त्या पत्राआडचा खरा लिंकन अधिक ओबडधोबड आहे. तो चुकतो, कर्जात बुडतो, निवडणूक हरतो. म्हणूनच तो आपल्या मुलांना अधिक जवळचा वाटेल, असा माझा समज आहे.

राष्ट्राध्यक्ष लिंकन सर्वांना ठाऊक आहे. यादवी युद्ध, गुलामांची मुक्तता, नाटकगृहातील ती गोळी, हे सारे क्रमिक पुस्तकांत येऊन गेले आहे. या लेखात त्याच्या आयुष्यातील अलीकडचा, फारसा न सांगितला जाणारा भाग सांगावयाचा आहे. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात तो आठ वर्षे एका खेडवळ काउंटीचा प्रतिनिधी होता. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील तालुक्यापेक्षा मोठा व जिल्ह्यापेक्षा लहान असा मुलूख समजावा. त्या काउंटीचे नाव सँगमन.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात झाला. वडील टॉमस शेतकरी व सुतार होते. सहीपुरती अक्षरे त्यांना कशीबशी काढता येत. १८१६ साली हे कुटुंब इंडियाना राज्यातील रानात जाऊन राहिले. जंगल तोडायचे, जमीन मोकळी करायची, मका लावायचा, असे ते जिणे. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाती कुऱ्हाड आली ती पुढे पंधरा वर्षे सुटली नाही. १८१८ साली आई नॅन्सी वारली. विषारी झुडपे खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणाऱ्या रोगाने त्या वस्तीतील अनेक माणसे त्या दिवसांत दगावली. रोग दुधातून येतो अशी शंका लोकांना होती, पण त्यामागचे झुडूप कोणते ते कोणाला उमगले नव्हते.

पुढच्या वर्षी वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईची गोष्ट म्हटली की आपल्या मनात काही ठराविक चित्रे उभी राहतात. येथे ती सारी खोटी ठरतात. सारा बुश ही तीन मुलांची विधवा आई. तिने या पोरक्या मुलांना न्हाऊमाखू घातले, घराला घरपण आणले. तिला स्वतःला वाचता येत नव्हते असे मानले जाते. परंतु मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याला उठवायचे नाही, एवढे तिने कटाक्षाने पाळले. वडिलांना पुस्तकापेक्षा कुऱ्हाडीची किंमत अधिक वाटे आणि बापलेकांचे फारसे जमले नाही. आईशी मात्र त्याचे शेवटपर्यंत जमले. १८६१ साली राष्ट्राध्यक्षपद स्वीकारण्यास निघण्यापूर्वी तो मुद्दाम वाकडी वाट करून या म्हातारीला भेटून आला. आपल्या घरी स्वतः निरक्षर असलेल्या पण मुलाचा अभ्यास मोडू न देणाऱ्या माता आहेत. त्यांना ही हकीकत जरूर वाचून दाखवावी.

शाळा म्हणाल तर इकडे एक महिना, तिकडे दोन महिने. सगळे दिवस एकत्र केले तरी वर्ष भरत नव्हते, असे त्यानेच पुढे नमूद केले आहे. पुस्तके मागून आणावी लागत. बायबल, इसापच्या गोष्टी, बन्यनचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’, एवढाच संग्रह. शेजाऱ्याकडून आणलेले वॉशिंग्टनचे चरित्र एकदा पावसाने भिजले. भरपाईला पैसे नव्हते, म्हणून पोराने त्या शेजाऱ्याच्या शेतात मक्याची कडबी काढण्याचे काम करून ती किंमत फेडली. पुस्तक मात्र त्यानंतर त्याचे स्वतःचे झाले.

१८३० साली कुटुंब इलिनॉय राज्यात आले आणि पुढच्याच वर्षी बावीस वर्षांचा लिंकन घरातून बाहेर पडला. सपाट तळाच्या होडीतून माल घेऊन न्यू ऑर्लिन्सला जाताना ती होडी सँगमन नदीवर न्यू सेलम गावाजवळ गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली. अर्धी होडी हवेत, अर्धी पाण्यात, आणि मागच्या बाजूला पाणी भरू लागलेले. गाव काठावर जमा झाले. लिंकनने माल हलवून होडीचे पुढचे टोक खाली आणले, त्या टोकाला भोक पाडून साचलेले पाणी बाहेर काढले, भोक बुजवले आणि होडी पार नेली. गावाला त्याची ओळख झाली ती अशी. परतल्यावर त्याच गावात तो दुकानात नोकरीला राहिला.

न्यू सेलम म्हणजे टेकडीवर वसलेली काही घरांची वस्ती. एक गिरणी, एक लोहार, दोन-चार दुकाने. गावात एक मास्तर होते, मेंटर ग्रॅहम. व्याकरण शिकल्यावाचून लोकांपुढे बोलता येणार नाही हे लिंकनच्या ध्यानात आले. व्याकरणाचे पुस्तक सहा मैलांवरच्या एका घरी आहे असे कळताच तो चालत गेला आणि घेऊन आला. वय वर्षे तेवीस! या वयात आपल्याकडे मुले शिक्षण संपले म्हणून पुस्तके रद्दीत घालतात.

मार्च १८३२ मध्ये त्याने विधिमंडळाच्या निवडणुकीस उभे राहत असल्याचे स्प्रिंगफील्डच्या वृत्तपत्रातून जाहीर केले. गावात येऊन वर्षही झाले नव्हते. घर नाही, जमीन नाही, पाठीमागे कोणी वजनदार माणूस नाही. नदी नौकानयनास योग्य करावी, व्याजाचे दर कायद्याने आवरावेत आणि प्रत्येकाला निदान साधारण शिक्षण मिळावे, हे त्याच्या जाहीरनाम्यातील मुद्दे. शिक्षण हा लोकांपुढील सर्वांत महत्त्वाचा विषय आहे असे त्याने त्यात मांडले होते. ज्याला शाळा मिळाली नव्हती तोच शाळेविषयी बोलत होता. मध्यंतरी ब्लॅक हॉक या आदिवासी नायकाविरुद्ध युद्ध सुरू झाले. स्वयंसेवकांच्या तुकडीने लिंकनला आपला कप्तान निवडले. प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. आपण डासांशी काय ती लढाई केली, अशी थट्टा तो पुढे करीत असे.

निवडणुकीत तो हरला. तेरा उमेदवारांत आठवा आला. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर पडलेल्या ३०० मतांपैकी २७७ मते त्याला होती. जेथे लोक त्याला ओळखत होते तेथे जवळपास सगळी मते, आणि जेथे ओळखत नव्हते तेथे फार थोडी, असा तो हिशेब होता.

यानंतरची दोन वर्षे फार ओढग्रस्तीची गेली. बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने उधारीवर दुकान घेतले. ते बुडाले. १८३५ साली भागीदार वारला आणि सुमारे ११०० डॉलरचे कर्ज लिंकनच्या एकट्याच्या अंगावर पडले. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम डोंगराएवढी. तो गमतीने तिला आपले राष्ट्रीय कर्ज म्हणे. अशा वेळी रातोरात पश्चिमेकडे पळून जाणे ही त्या मुलखातली नेहमीची रीत होती. लिंकन पळाला नाही. ते कर्ज फेडायला त्याला कित्येक वर्षे लागली.

पोटासाठी तो १८३३ साली गावचा पोस्टमास्तर झाला. पगार नाममात्र, फायदा एवढाच की येणारी वर्तमानपत्रे वाटण्यापूर्वी वाचावयास मिळत. त्याच वर्षी काउंटीचा मोजणीदार जॉन कॅल्हून याने त्याला हाताखाली घेण्याची तयारी दाखविली. कॅल्हून विरोधी पक्षाचा होता. आपली मते बदलावी लागणार नाहीत ना, याची खात्री करूनच लिंकनने ते काम पत्करले. मोजणीचे त्याला ओ की ठो ठाऊक नव्हते. भूमितीची पुस्तके आणली, रात्री जागवल्या, आणि थोड्याच महिन्यांत खांद्यावर साखळी टाकून तो रानावनांतून जमिनी मोजू लागला. त्याच्या मोजणीवर लोकांचा विश्वास बसला आणि बांधाच्या तंट्यांत त्याला बोलावणी येऊ लागली. मग सावकारांनी जप्ती आणली. घोडा, खोगीर, मोजणीची साधने, सारे लिलावात निघाले. जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकरी मित्राने लिलावात ती साधने विकत घेतली आणि परत लिंकनच्या हातात दिली. लिंकनच्या चरित्रांत मोठमोठ्या सेनापतींची नावे येतात. त्यांच्या पंक्तीत या शेतकऱ्याचे नाव बसवावे असे मला वाटते.

ऑगस्ट १८३४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. या वेळी मोजणीच्या निमित्ताने त्याने काउंटीचा कोपरान् कोपरा तुडविला होता. कापणी चालू असलेल्या शेतात जाऊन त्याने गड्यांबरोबर विळा चालविला आणि मते मिळविली. काउंटीच्या चार जागांपैकी एक त्याला मिळाली. मतांच्या क्रमात तो दुसरा होता. त्याचे वय होते पंचवीस.

आता आमदार तर झालो, पण राजधानीत नेसायला धड कपडे नाहीत! कोलमन स्मूट नावाच्या एका सधन शेतकऱ्याकडून त्याने २०० डॉलर उसने घेतले. त्यातून काही देणी भागवली आणि ६० डॉलरचा एक सूट शिवून घेतला. नोव्हेंबरच्या अखेरीस घोडागाडीने तो व्हँडालिया या राजधानीस निघाला.

या पहिल्या अधिवेशनात लिंकनने भाषणे गाजवली नाहीत. तो बसून पाहत होता. त्याची पहिली विधेयके अगदी गावकी स्वरूपाची होती. एक, खालच्या न्यायाधिकाऱ्यांच्या अधिकारांवर मर्यादा घालण्याविषयी. दुसरे, एका गृहस्थाला सॉल्ट क्रीक नावाच्या ओढ्यावर टोल घेऊन पूल बांधू देण्याविषयी. हस्ताक्षर स्वच्छ व भाषा नेमकी असल्यामुळे इतर सभासद आपली विधेयके त्याच्याकडून लिहून घेऊ लागले. कायदा कसा लिहितात हे तो दुसऱ्यांचे कायदे लिहून शिकला. सँगमनचाच दुसरा सभासद जॉन स्टुअर्ट वकील होता व व्हँडालियात त्याच्याच बिऱ्हाडी राहत असे. त्याने सांगितले, वकिली शिक. लिंकनने त्याची पुस्तके मागून घेतली. अधिवेशन संपल्यावर गावी परत येऊन पुन्हा मोजणी, पुन्हा टपाल, आणि झाडाखाली बसून ब्लॅकस्टनचा कायद्यावरील ग्रंथ. पुस्तके परत द्यायला आणि नवी आणायला न्यू सेलम ते स्प्रिंगफील्ड हे वीस मैलांचे अंतर तो अनेकदा पायी तोडी. कोणत्याही महाविद्यालयाचे तोंड न पाहता सप्टेंबर १८३६ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली.

१८३६ च्या निवडणुकीत लिंकनला काउंटीत सर्वाधिक मते पडली. लोकसंख्या वाढल्याने सँगमनचे आता सात प्रतिनिधी व दोन सिनेटर होते. हे नऊही जण धिप्पाड. सर्वांची उंची मिळवली तर चोपन्न फूट भरते असे लोक म्हणत, आणि त्यांना ‘लाँग नाइन’, म्हणजे नऊ उंच पुरुष, हे नाव पडले. लिंकन सहा फूट चार इंच. बाकीच्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत : डॉसन, एल्किन, मॅकॉर्मिक, विल्सन, स्टोन, गव्हर्नरचा मुलगा निनियन एडवर्ड्स, आणि सिनेटर हर्नडन व फ्लेचर. ही साधी, बरीचशी शेतीवाडीतून आलेली माणसे होती. काउंटीने त्यांना एकच काम सांगून पाठविले होते : राज्याची राजधानी स्प्रिंगफील्डला आणा.

व्हँडालियाच्या लोकांनी राजधानी जाऊ नये म्हणून घाईघाईने नवे सभागृह बांधले होते. सभासद आत बसले तेव्हा भिंतींचा गिलावा ओलाच होता. अखेर २८ फेब्रुवारी १८३७ रोजी चौथ्या फेरीच्या मतदानात स्प्रिंगफील्डची निवड झाली. नऊ उंच पुरुषांचा काउंटीत जयजयकार झाला, मेजवान्या झडल्या.

पण त्याच अधिवेशनात आणखी एक मोठी गोष्ट मंजूर झाली, आणि तिच्याविषयी आडपडदा ठेवून चालणार नाही. राज्यभर रेल्वे, कालवे, सुधारलेल्या नद्या असा एक कोटी डॉलरचा आराखडा विधिमंडळाने संमत केला. ज्या काउंटीला रेल्वे मिळणार नव्हती तिला रोख रक्कम द्यायचे ठरले, म्हणजे कोणीच नाराज नको! पैसा सारा कर्जरोख्यांतून उभा करायचा होता. १८४० साली देखील ज्या राज्याची लोकवस्ती पावणेपाच लाखांच्या घरात होती, त्याने उचललेला हा बोजा होता. लिंकन या योजनेचा उत्साही पुरस्कर्ता होता. राजधानीच्या मतांसाठी नऊ जणांनी रेल्वेच्या मतांचा सौदा केला, असा आरोप त्या वेळी झाला. तो कितपत खरा यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सौदा असो वा नसो, उत्साह तर होताच. नदीत होडी अडकलेल्या मुलखातून तो आला होता. माल बाजारात पोचत नाही तोवर शेतकऱ्याचे दारिद्र्य हटत नाही, हे त्याने अंगावर सोसलेले होते. विचार चुकीचा नव्हता, हिशेब चुकला.

काही आठवड्यांतच, मे १८३७ मध्ये, सर्व देशभर बँका कोसळल्या. रोखे विकले जाईनात. जागोजागी अर्धवट मातीकाम तसेच पडून राहिले. लिंकन तरीही योजना सोडायला तयार नव्हता. एकदा उचललेले काम टाकणे म्हणजे गुंतलेला पैसाही घालवणे, असे त्याचे म्हणणे. कर्ज फेडण्यासाठी त्याने जमिनीच्या किमतीप्रमाणे कर बसविण्यास पाठिंबा दिला, म्हणजे अधिक बोजा सधनांवर पडावा. पण गाडे घसरले ते घसरलेच. १८४१ साली राज्याला व्याजही देता येईना. कर्ज दीड कोटी डॉलरच्या घरात गेले आणि ते पुरते फिटायला १८८० नंतरची वर्षे उजाडली. साऱ्या योजनेतून एक रेल्वे काय ती तयार झाली, आणि तीही पुढे सुमारे २१ हजार डॉलरला लिलावात गेली. स्वतःचे ११०० डॉलरचे कर्ज पैन् पै फेडणारा हा माणूस राज्याला कर्जात बुडविणाऱ्यांत सामील होता. त्याच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आणि याच अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत त्याने एका लहानशा कागदावर सही केली.

इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले राज्य होते. पण तेथील, विशेषतः सँगमनसारख्या भागातील, बरीच वस्ती केंटकीसारख्या गुलामगिरीच्या राज्यांतून आलेली. गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्यांना तेथे आगलावे समजत. दक्षिणेकडील राज्यांनी मागणी केल्यावरून जानेवारी १८३७ मध्ये इलिनॉयच्या प्रतिनिधिगृहात ठराव आला. गुलामगिरीविरोधी संस्थांचा त्यात निषेध होता, आणि गुलाम बाळगण्याचा दक्षिणेचा हक्क पवित्र मानलेला होता. ठरावाच्या बाजूने ७७ मते पडली. विरुद्ध सहा. त्या सहांत लिंकन होता.

मत देऊन तो थांबला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. ३ मार्च १८३७ रोजी त्याने व डॅन स्टोन याने सभागृहाच्या दप्तरात लेखी निषेध नोंदविला. गुलामगिरीची संस्था अन्यायावर व चुकीच्या धोरणावर उभी आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. त्याचबरोबर गुलामगिरी विरोधकांच्या प्रचाराने हे दुःख कमी होण्याऐवजी वाढते, असेही लिहिले. आणि राज्यांच्या अंतर्गत बाबतीत केंद्राला हात घालता येणार नाही, हेही मान्य केले. आज वाचताना हा निषेध फार सौम्य वाटतो. तो सौम्य होताच. शिवाय एक गोष्ट नजरेतून सुटू नये : राजधानीचे मतदान उरकेपर्यंत लिंकनने हा कागद बाहेर काढला नाही. काउंटीचे काम आधी, मग मनाची टोचणी. काहींना हा धूर्तपणा वाटेल. मला तो अठ्ठावीस वर्षांच्या, हाती फारसे काही नसलेल्या माणसाचा व्यवहारी सावधपणा वाटतो. पण हा सावधपणा होता हे नाकारता येत नाही.

तरीसुद्धा विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकी सहीला दोघेच पुढे आले. त्यांतही स्टोन न्यायाधीशपदी जाणार होता, त्याला पुन्हा मते मागायची नव्हती. मतदारांच्या दारात परत जायचे होते ते एकट्या लिंकनला. सहीने त्याच्या पदरात काही पडणार नव्हते. गेली असती तर मतेच गेली असती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच राज्यातील आल्टन गावी एलायजा लव्हजॉय या संपादकाला, तो गुलामगिरीविरुद्ध लिहितो म्हणून, जमावाने गोळ्या घालून ठार केले. हवा अशी होती. १८३८ साली लिंकन पुन्हा उभा राहिला. सँगमनच्या मतदारांनी त्याला सर्वाधिक मते देऊन निवडून पाठविले.

दरम्यान एप्रिल १८३७ मध्ये उसन्या घोड्यावर बसून, खोगिराच्या पिशव्यांत मावेल एवढा संसार घेऊन, तो स्प्रिंगफील्डला राहावयास आला. जोशुआ स्पीड याच्या दुकानात त्याने पलंग व अंथरुणाची किंमत विचारली. सतरा डॉलर. तेवढे नव्हते. स्पीडने त्याचा पडलेला चेहरा पाहून माडीवरच्या आपल्याच खोलीत त्याला जागा दिली. विधिमंडळाचा दोन वेळा निवडून आलेला सभासद, नव्या राजधानीचा एक शिल्पकार, आणि त्याच्याजवळ अंथरुणापुरते पैसे नाहीत! राजकारणातून त्याने काय मिळविले याचा हिशेब एवढ्यातच आला.

उरलेल्या दोन कारकिर्दी झटपट सांगून टाकतो. व्हिग पक्षाने त्याला दोनदा सभापतिपदासाठी उभे केले; बहुमत नसल्याने दोन्ही वेळा तो हरला. १८४० च्या डिसेंबरात एक हास्यास्पद प्रकार घडला. नवे सभागृह अपुरे असल्याने प्रतिनिधी चर्चमध्ये बसत होते. अधिवेशन त्या दिवशी संपले तर राज्याच्या बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी द्यावी लागतील, म्हणून गणसंख्या मोडण्यासाठी लिंकन व आणखी एक-दोघे बंद दाराऐवजी खिडकीतून बाहेर पडले. उपयोग शून्य, त्यांची हजेरी आधीच लागली होती. लांब पायांच्या माणसाला खिडकीतून उडी मारण्याचा त्रासही पडला नसेल, अशी टर विरोधी वृत्तपत्राने उडवली. हा प्रसंग कोणी काढला की लिंकन ओशाळत असे. त्या वर्षीच्या निवडणुकीत निवडून आलेल्यांत त्याला सर्वांत कमी मते होती. पुढे मनाच्या अत्यंत उदास अवस्थेत तो सभागृहाला कित्येक दिवस गैरहजर राहिला. १८४२ मध्ये तो उभाच राहिला नाही. त्या वर्षी त्याचे मेरी टॉडशी लग्न झाले आणि तो वकिलीत गढून गेला.

या सभागृहानेच त्याला त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धीही दाखविला. स्टीफन डग्लस हा ठेंगणा, तडफदार तरुण व्हँडालियातच त्याला प्रथम भेटला. दोघे एकाच सभागृहात बसले, पुढे एकाच शहरात वकिली करू लागले. १८५४ मध्ये डग्लसच्या कायद्याने पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरीची वाट मोकळी केली, तेव्हा बाजूला झालेला लिंकन पुन्हा उठला. त्या वर्षी सँगमनने त्याला पाचव्यांदा विधिमंडळावर निवडून दिले. पण केंद्रीय सिनेटसाठी उभे राहता यावे म्हणून त्याने ती जागा घेतली नाही. पोटनिवडणुकीत ती विरोधकांकडे गेली आणि सिनेटची जागाही मिळाली नाही. १८५८ साली डग्लसशी सात गावी झालेल्या वादसभा गाजल्या. त्या काळी सिनेटर विधिमंडळ निवडत असे, आणि त्याने डग्लसला निवडले. दोन वर्षांनी लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला.

येथून पुढचे सर्वांना माहीत आहे. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीची घोषणा झाली, १४ एप्रिल १८६५ ला गोळी लागली व दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्यू आला. गुलामगिरी घटनेनेच बंद करणारी दुरुस्ती त्या वर्षाअखेर अमलात आली. ती पाहावयास तो नव्हता. त्या गोष्टीचा पडसाद आपल्या पुण्यापर्यंत आला होता, हे मराठी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जन लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते.

लिंकनचे दफन झाले ते स्प्रिंगफील्डला, नऊ उंच पुरुषांनी खेचून आणलेल्या राजधानीत. न्यू सेलम गाव तर १८४० च्या सुमारासच ओस पडले. नदीवर आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली नाही, व्यापार लिंकननेच मोजून आखून दिलेल्या पीटर्सबर्गकडे वळला. १८३९ मध्ये काउंटीचे तुकडे पडले आणि न्यू सेलमची टेकडी सँगमनमध्येही राहिली नाही, मेनार्ड काउंटीत गेली. व्हँडालियाचे ते ओल्या गिलाव्याचे सभागृह मात्र जतन केलेले आहे.

१८६० साली, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी, प्रचारासाठी त्याच्याकडून आयुष्याची थोडक्यात हकीकत मागण्यात आली. चार कारकिर्दी, राजधानीची लढाई, रेल्वे, बँक, असे लिहिण्यासारखे पुष्कळ होते. आपल्या आठ वर्षांच्या आमदारकीतून त्याने मुद्दाम उल्लेख केला तो ३ मार्च १८३७ च्या त्या दोन सह्यांच्या कागदाचा. गुलामगिरीविषयी आपली भूमिका त्या कागदात थोडक्यात आलेली आहे आणि तेवढ्यापुरती ती आजही तीच आहे, असे त्याने लिहून दिले.